आजारी बाळ, रुग्णालय आणि गाव : पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात मूल गंभीर आजारी पडले, तर अंगणवाडी, आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी मुंबई-पुणे-नागपूरचे मोठे रुग्णालय अशी लांब साखळी त्याच्यासाठी उभी असते. या प्रत्येक ठिकाणी काम करणारी माणसे आपापल्या परीने झटत असतात. तरीही मुले हातची जातात, आणि ती बहुधा दोन ठिकाणांच्या मधल्या अंतरात जातात. घरून निघायला उशीर होतो, संदर्भ चिठ्ठी न घेता प्रवास होतो, पैशाच्या चिंतेने उपचार अर्धवट सुटतो किंवा घरी परतल्यावर फेरतपासणी चुकते. पुढील उत्तरे मुख्यतः या अंतरांविषयी आहेत. ती डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत; तपासणीपर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी आणि तिथून परतल्यावर काळजी चालू ठेवण्यासाठी ती लिहिली आहेत.

बाळाला घरी ठेवायचे की लगेच दवाखान्यात न्यायचे, हे आईवडिलांनी कसे ओळखावे?

सर्वप्रथम बाळाचे वय पाहावे, कारण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आजार काही तासांत बळावतो आणि त्याची लक्षणे मोठ्या मुलांसारखी ठळक नसतात. एवढ्या लहान बाळाने अंगावर पिणे कमी केले किंवा थांबवले, ते नेहमीपेक्षा मलूल झाले, त्याला झटके आले, ताप आला, बेंबीतून पू येऊ लागला किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही, हा समजही चुकीचा आहे. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की अनेकदा त्याचे अंग तापण्याऐवजी गार पडते. म्हणून बाळाचे पोट आणि तळपाय दोन्ही गार लागत असतील, तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घालून तसेच रुग्णालयात न्यावे.

खोकला असलेल्या मुलाचा श्वास मोजणे कोणत्याही पालकाला जमते. मूल शांत असताना अंगातला सदरा वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकडा काहीही असो, निघावे. कोणत्याही वयाचे मूल काहीच पीत नसेल, घेतलेले सगळे उलटून टाकत असेल, बेशुद्ध किंवा अतिशय सुस्त असेल, तेव्हाही हाच नियम लागू होतो.

जुलाबात बहुतेक मुले घरीच बरी होतात. त्यासाठी ओआरएसचे द्रावण पहिल्या जुलाबापासून सुरू करावे, अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नये आणि आशाताईंकडून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्याव्यात. एक लिटरचे पाकीट एकाच वेळी पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकणे धोक्याचे आहे, कारण त्यात क्षारांचे प्रमाण बिघडते. डोळे खोल गेले, कातडीची चिमटीत धरलेली घडी सावकाश खाली बसू लागली किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र मुलाला सलाईनची किंवा औषधांची गरज असू शकते आणि ते रुग्णालयातच व्हायला हवे.

रात्री-अपरात्री गाडी कोठून मिळवावी आणि वाटेत काय सांभाळावे?

तातडीच्या प्रसंगी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून निःशुल्क उपलब्ध आहे. गरोदर माता आणि लहान बाळांच्या ने-आणीसाठी १०२ क्रमांकाची सेवा आहे. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या पाड्यांनी मात्र केवळ या क्रमांकांवर विसंबून राहू नये. गावात कोणाची जीप आहे, ती कोणत्या फाट्यापर्यंत येऊ शकते आणि तिथपर्यंत बाळाला कोण उचलून नेईल, हे बाळंतपणाच्या आधीच ठरलेले असावे.

वाटेत बाळाला थंडीपासून जपणे आणि दूध चालू ठेवणे ही दोन कामे घरच्यांचीच आहेत. आईला घरी ठेवून बाळाला आजी किंवा आत्याबरोबर पाठवले, तर दूध आणि ऊब दोन्ही तुटतात, म्हणून आई शक्यतो बरोबर असावी. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी, मध, कांद्याचा रस असे काहीही घालू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवले जात असेल, तर संदर्भ चिठ्ठी हातात घेतल्याशिवाय निघू नये. दिलेली इंजेक्शने आणि त्यांची वेळ त्या चिठ्ठीवर लिहिलेली असते आणि पुढच्या डॉक्टरांचा बराच वेळ त्यामुळे वाचतो.

आशाताई बाळंतपणानंतर वारंवार घरी का येतात? बाळ तर चांगले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात जन्माला येणाऱ्या दर हजार बाळांमागे सुमारे २३ बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावतात आणि त्यांपैकी १६ ते १७ पहिल्या महिन्यातच जातात. म्हणजे वर्षाच्या आतल्या दर दहा मृत्यूंपैकी सात पहिल्या महिन्यातले. नेमक्या याच महिन्यात बाळंतीण आणि बाळ बंद खोलीत असतात आणि सव्वा महिना बाहेर पडायचे नाही, अशी रीत असते. आरोग्यसेवेने घरी यावे, याचे कारण हे आहे.

ही पद्धत महाराष्ट्रातच सिद्ध झाली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नव्वदच्या दशकात त्यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत म्हणून तयार केले. या स्त्रिया बाळाचे वजन करीत, तापमान पाहत, श्वास कोंडलेल्या बाळाला श्वास देत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविके देत. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ मध्ये देशभर आशांमार्फत घरोघरी नवजात बालक काळजीचा कार्यक्रम सुरू झाला. चार-दोन इयत्ता शिकलेली बाई बाळाचे प्राण वाचवू शकेल का, या शंकेला गडचिरोलीच्या गावांनी दिलेले उत्तर आजही मला या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते.

दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशीही येतात. त्यानंतर ३, ६, ९, १२ आणि १५ महिने पूर्ण झाल्यावर त्यांच्या भेटी असतात. त्यांना ओट्यावरूनच ‘सगळे ठीक आहे’ म्हणून परत पाठवू नये. बाळ उघडे करून दाखवावे आणि वजन समोर करायला सांगावे.

बाळाला ‘काचेच्या पेटीत’ ठेवले आहे. आईला आत जाऊ देतात का?

जिल्हा रुग्णालये, स्त्री रुग्णालये आणि काही उपजिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात शिशु काळजी कक्ष असतो, ज्याला सर्वजण एसएनसीयू म्हणतात. कमी दिवसांची, कमी वजनाची, श्वासाला त्रास असलेली, तीव्र कावीळ किंवा जंतुसंसर्ग झालेली बाळे तेथे ठेवली जातात. पूर्वी या कक्षाचे दार आईसाठी बंद असे आणि अनेक घरांत ती समजूत आजही आहे. आताचे शासकीय धोरण पालकांना सहभागी करून घेण्याचे आहे. हात कोपरापर्यंत धुऊन, स्वच्छ कपडे घालून आई आत जाऊ शकते; वडिलांनाही स्वच्छता, दूध पाजणे आणि धोक्याच्या खुणा ओळखणे शिकवले जाते. कोठे दार अडवले गेलेच, तर प्रमुख परिचारिकांना शांतपणे भेटण्याची वेळ विचारावी आणि रोज विचारावी.

याचे कारण केवळ भावनिक नाही. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरणे, म्हणजेच कांगारू मातृसंगोपन, हा कमी वजनाच्या बाळासाठी स्वतंत्र उपचार आहे. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील रुग्णालयांत झालेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तेव्हा पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेनेही दिवसातून ८ ते २४ तास ही पद्धत वापरण्याची शिफारस केली. एवढे तास एकट्या बाळंतिणीकडून होणे कठीण असते, म्हणून वडील, आजी, मावशी यांनीही आळीपाळीने बाळाला छातीशी धरावे. पुरुषाच्या छातीची ऊबही बाळाला तितकीच उपयोगी पडते.

आईला दूधच येत नाही, असे सगळे म्हणत आहेत. पावडर आणून द्यावी का?

डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नको. बाळ आत आणि आई बाहेर असली की दूध उतरायला वेळ लागतो. त्यावर उपाय म्हणजे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, हाताने दूध काढत राहणे आणि निघेल ते, मग ते चमचाभर का असेना, बाळाला वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा नळीने देणे. सुरुवातीचे घट्ट पिवळसर चीकदूध फेकून देऊ नये.

खरोखरच दूध मिळत नसेल, तर मानवी दुग्धपेढी आहे का, हे विचारावे. आशियातील पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तेथे इतर मातांनी दान केलेले दूध तपासून, पाश्चरीकरण करून अगदी लहान आणि आजारी बाळांना दिले जाते. ज्या मातांना दूध भरपूर आहे, त्यांनी दुग्धपेढीची चौकशी अवश्य करावी.

मूल अशक्त आहे, पण खेळते. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवण्याची काय गरज आहे?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक अंगणवाडीत ऐकू येतो आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. वरील पाहणीतच महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, तर सुमारे २५ टक्के मुले उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. आजूबाजूची मुलेही तशीच असली की आईला आपले मूल वेगळे दिसत नाही. म्हणून नजरेवर विसंबता येत नाही आणि मोजमाप करावे लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, दोन्ही पायांवर सूज असेल किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असेल, तर ते मूल तीव्र कुपोषित समजले जाते. असे मूल वरून खेळते दिसले, तरी त्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि साधा जुलाब किंवा खोकला त्याला झेपत नाही.

प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला दाखल करावे लागत नाही. भूक चांगली आहे आणि दुसरा आजार नाही, अशा मुलासाठी गावातच ग्राम बाल विकास केंद्र भरते. तेथे अंगणवाडीत दिवसातून अनेक वेळा थोडे थोडे, पण सकस खाऊ घातले जाते आणि वजनावर लक्ष ठेवले जाते. भूक मेली असेल, सूज, ताप, न्यूमोनिया किंवा जुलाब असतील, तर मात्र मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा ग्रामीण रुग्णालयातील बाल उपचार केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते. पुनर्वसन केंद्रातला मुक्काम साधारण दोन आठवड्यांचा असतो.

तेथे पहिले काही दिवस मुलाला अगदी थोडे, पातळ, मोजून दूध देतात, तेव्हा आई अस्वस्थ होते. ‘जेवायला घालतो म्हणून आणले आणि वाटीभर दुधावर ठेवले,’ असे तिला वाटते. पण उपासमारीला सरावलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेले, तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदयावर ताण येतो आणि मूल दगावू शकते. आधी साखरेची पातळी, अंगातली ऊब आणि जंतुसंसर्ग सांभाळायचा, भूक परतली की मगच आहार वाढवायचा, असा हा क्रम आहे. कर्मचाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी आईला आणि तिच्या सासूलाही समजावून सांगावे.

आई मध्येच निघून जाते, याचा दोष तिच्यावर ठेवणे मला अन्यायाचे वाटते. घरी दुसरी लहान मुले असतात, शेळ्या असतात, लावणीची किंवा कापणीची मजुरी बुडत असते. यासाठी केंद्रात राहणाऱ्या आईला बुडीत मजुरी आणि जेवण देण्याची तरतूद आहे. ते वेळेवर मिळते का, हे ग्रामपंचायतीने पाहावे. तिच्या घरातल्या मुलांना दोन आठवडे कोण जेवायला घालणार, याची सोय शेजाऱ्यांनी केली, तर तिचा मुक्काम पूर्ण होतो. घरी सोडल्यानंतरही साधारण पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा तपासणीला जायचे असते आणि त्या चार फेऱ्या झाल्या नाहीत, तर कमावलेले वजन पुन्हा उतरते.

घरच्यांचा भगतावर विश्वास आहे. रुग्णालयात नेण्यास त्यांचा विरोध असेल तर काय करावे?

वाद घालून वेळ घालवू नये. ‘पूजा करा, पण बाळ आधी गाडीत बसू द्या,’ एवढे म्हणून बघावे. पुष्कळदा ते मान्य होते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. असे चटके म्हणजे आधीच आजारी असलेल्या बाळाला भाजल्याची जखम आणि नवा जंतुसंसर्ग, म्हणून ते थांबवलेच पाहिजेत. ते थांबवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग मात्र भूमकांना (कोरकूंच्या पारंपरिक वैदूंना) आणि भगतांना शत्रू न मानता धोक्याच्या खुणा शिकवणे हा आहे, कारण मध्यरात्री पालक प्रथम त्यांच्याच दारात जातात. रुग्णालयातही कोरकू, गोंडी, माडिया, भिली बोलणारे कोणीतरी असावे. आपल्या बाळाचे काय चालले आहे, हे न कळणारी आई घाबरून निघून जाते.

बाळाला जन्मतः व्यंग आहे. त्यावर उपचार होतो का?

अनेक व्यंगांवर होतो, आणि वेळेत सुरू झाला तर फार चांगला होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाली. या कार्यक्रमातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येऊन जन्मतःच्या व्यंगांसाठी, कमतरतेच्या आजारांसाठी, बालपणीच्या इतर आजारांसाठी आणि वाढीतील विलंबासाठी मुलांची तपासणी करतात आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढील उपचारासाठी पाठवतात. जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात भौतिकोपचार, वाचा, श्रवण आणि दृष्टी यांसंबंधीची मदत मिळते.

वाकड्या पावलाचे उदाहरण घेऊ. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला नवे प्लास्टर घालत पाऊल हळूहळू सरळ केले जाते, बहुतेकदा टाचेमागच्या शिरेवर छोटीशी शस्त्रक्रिया करावी लागते आणि दोन-तीन महिन्यांत पाऊल सरळ दिसू लागते. खरी कसोटी त्यानंतरची असते. मुलाला पट्टीने जोडलेले विशेष बूट आधी जवळजवळ दिवसभर आणि मग चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना घालावे लागतात. मूल रडते, आजीला दया येते, बूट कोनाड्यात जातात आणि पाऊल पुन्हा वळते. आशाताई किंवा अंगणवाडी सेविका महिन्यातून एकदा ‘बूट दाखवा’ म्हणाल्या, तरी हे टळू शकते.

दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची त्यानंतर, बहुधा दीड वर्षाच्या आत करतात. तोवर बाळाचे वजन वाढवत ठेवणे हेच घरचे मोठे काम असते.

एवढा खर्च कोठून आणायचा?

शेत किंवा डाग गहाण टाकण्याआधी चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे शासकीय रुग्णालयातील उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण निःशुल्क आहे. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठीच निःशुल्क आहेत. दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. योजनेत सामील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. शिधापत्रिका, आधार आणि बाळाच्या जन्माची नोंद घेऊन दाखल होतानाच त्यांना भेटावे, कारण उपचार झाल्यावर मंजुरी मिळवणे अवघड असते.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक अन्वये मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा शासन वेळोवेळी बदलते, म्हणून तहसीलदारांचा चालू उत्पन्न दाखला जवळ असावा. अडवणूक झाल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा साहाय्यक आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. चौथी गोष्ट म्हणजे रुग्णालयाचा वैद्यकीय समाजसेवा विभाग. मुख्यमंत्री साहाय्यता निधी, न्यास आणि दानशूर संस्था यांच्याकडे जाणारे अर्ज बहुधा तेथूनच तयार होतात.

मुलाला मुंबईला पाठवले आहे. आम्ही राहायचे कोठे?

परळमध्ये बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ पासून केवळ मुलांसाठी चालते. केईएम आणि टाटा स्मारक रुग्णालयही त्याच परिसरात आहेत. त्यामुळे राज्यभरातील आणि परराज्यांतील आईबापही येथेच येतात आणि जागा न मिळाल्याने काही जण पदपथावर दिवस काढतात. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन यांसारख्या ठिकाणी अल्प दरात सोय होऊ शकते. कर्करोग झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स २००६ पासून विनामूल्य निवास देत आहे. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाच्या समाजसेवकांचे पत्र लागते, म्हणून गावाहून निघतानाच जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्यावी आणि मुंबईत पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी समाजसेवकांना भेटावे.

निवासाला मी उपचाराचाच भाग मानते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो आणि त्यातला बराच काळ मूल दाखल नसते, फक्त ठरल्या दिवशी येऊन औषध घेऊन जाते. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण नसेल, तर कुटुंब मध्येच गावी परतते आणि बरा होऊ शकणारा आजार उलटतो. टाटा रुग्णालयात निवास, आहार, पैसा आणि पाठपुरावा यांची एकत्रित व्यवस्था उभी राहिल्यावर उपचार अर्धवट सोडणाऱ्या मुलांचे प्रमाण लक्षणीय घटले.

मुलाला इंजेक्शन, ऑपरेशन याविषयी खरे सांगावे का?

होय, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. ‘काही टोचणार नाहीत’ असे सांगून नेलेले मूल पुढच्या वेळी आईवरही विश्वास ठेवत नाही. ‘टोचेल, थोडा वेळ दुखेल, मी हात धरून बसेन,’ हे पुरते. ‘रडलास तर डॉक्टर सुई देतील’ अशी धमकी तर घरी कधीच देऊ नये. नेहमीचे पांघरूण किंवा एखादे खेळणे बरोबर घ्यावे, शाळकरी मुलाच्या बाईंना कळवून वह्या मागवाव्यात आणि घरी राहिलेल्या भावंडाशी रोज फोनवर बोलणे करून द्यावे. त्या भावंडालाही भीती वाटत असते आणि ते कोणाला सांगत नाही.

घरी सोडताना डॉक्टरांना काय विचारावे?

डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन, परिचारिकांसमोर बसून पाच गोष्टी समजून घ्याव्यात: आजाराचे नाव काय, कोणते औषध किती दिवस, काय खायला-प्यायला द्यायचे, कोणती खूण दिसली तर लगेच परत यायचे आणि फेरतपासणी कोणत्या तारखेला कोठे आहे. औषधाचे माप त्याच बाटलीतल्या मापाने एकदा स्वतः भरून दाखवावे.

कमी दिवसांच्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विसरता कामा नये: डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली का? अशा बाळांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात आणि त्यांच्या विकृत वाढीमुळे कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळे अगदी स्वच्छ दिसतात. जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासणी आणि गरज पडल्यास लेझर किंवा इंजेक्शनचा उपचार झाला, तर दृष्टी वाचते. याचसोबत ऐकू येण्याची तपासणीही करून घ्यावी. रुग्णालयातील मुक्कामामुळे एखादी लस चुकली असेल, तर ती पुढच्या लसीकरण सत्रात देता येते. सुरुवातीपासून सर्व लसी पुन्हा घ्याव्या लागत नाहीत.

आम्ही दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातो. मग पाठपुरावा कसा होणार?

माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावे आणि निघण्यापूर्वी अंगणवाडी सेविकेला कोठे जात आहोत ते सांगावे. पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या मोबाइलवरील नोंदप्रणालीत, लाभार्थ्याची नोंद दुसऱ्या अंगणवाडीकडे वळवता येते. नव्या ठिकाणच्या अंगणवाडीत आहार आणि लसीकरण मागण्याचा मुलाला पूर्ण हक्क आहे. मुकादमाने आणि कारखान्याने फडावरील मुलांची यादी जवळच्या आरोग्य केंद्राला पहिल्याच आठवड्यात द्यावी. होळीला गावी परतलेल्या मुलांचे वजन घेतले की पुष्कळ मुले एक पायरी खाली घसरलेली दिसतात. मधले महिने त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

बाळ दगावले, आणि आता आरोग्य खात्याचे लोक चौकशीला येत आहेत. ते कशासाठी?

ही पोलिसी चौकशी नसते. प्रत्येक बालमृत्यूचे अन्वेषण करून आजार केव्हा ओळखला गेला, गाडी मिळायला किती वेळ लागला, रुग्णालयात काय घडले, हे नोंदवले जाते, जेणेकरून पुढच्या बाळाच्या वाटेतला अडथळा काढता येईल. माहिती देणे उपयोगाचे आहे, पण आईला सावरायला वेळ हवा असेल, तर तसे सांगावे. शेजाऱ्यांनी ‘तू लवकर नेले असतेस तर’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारू नये. तिचे दूध येत राहते, छाती दुखते, तापही येऊ शकतो. आशाताईंनी या दिवसांत तिच्याकडे जाणे थांबवू नये.

गावाने नेमके काय करावे?

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात असणे अपेक्षित आहे आणि तिच्याकडे अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येणारा, निधी येतो. त्यातून वजनकाटा दुरुस्त करणे किंवा गरीब कुटुंबाच्या तातडीच्या प्रवासाला पैसे देणे शक्य असते. समितीने रुग्णालयातून परतलेल्या मुलांची यादी दर महिन्याच्या बैठकीत वाचावी आणि कोणाची फेरतपासणी राहिली, हे नावानिशी विचारावे. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो. तो ताटात खरोखर पडतो का, हे पाहणेही समितीचेच काम आहे.

मदत म्हणून दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटू नयेत. १९९२ च्या कायद्याने त्यांच्या प्रसाराला बंदी आहे आणि अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर जुलाबाचे कारण ठरते. त्याऐवजी वॉर्डातील आईला डबा पोहोचवावा किंवा तिच्या घरातल्या मुलांना सांभाळावे. रक्तदान शिबिरे एप्रिल-मेमध्ये घ्यावीत, कारण सुट्टीत महाविद्यालये बंद असल्याने रक्ताचा तुटवडा पडतो आणि थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतच असते. शिबिराची तारीख आधी जवळच्या शासकीय रक्तपेढीला विचारून ठरवावी. एकाच दिवशी गरजेपेक्षा जास्त जमलेल्या लाल पेशी सुमारे सहा आठवड्यांनंतर वापरता येत नाहीत.